चांदोबाच्या कपाटासाठी पुस्तके हवीत, वाचणारेही हवेत



आपल्या वाचनालयाच्या बालविभागात फक्त चंद्र, ग्रहतारे आणि अवकाशप्रवास या विषयांचे एक कपाट करायचे ठरले आहे. कपाट मिळाले, त्याला निळा रंगही देऊन झाला. आत ठेवायला मात्र मोजून दीड फळीभर पुस्तके आहेत आणि त्यांतली निम्मी मुलांच्या हाती द्यावीत अशी नाहीत. म्हणून हे जाहीर आवाहन.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा लँडर ‘विक्रम’ चंद्रावर उतरला, तेव्हा गावोगाव टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले. मुलांचे खरे प्रश्न सुरू झाले ते पुढच्या पंधरवड्यात. आधी त्याच्यासोबतच्या ‘प्रज्ञान’ या गाडीला आणि मग ‘विक्रम’ला झोपवल्याची बातमी आली आणि नंतर दोघेही उठलेच नाहीत. चौथीतल्या एका मुलीने बालविभागात येऊन विचारले, “त्याला पांघरूण का नाही दिलं?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चंद्रावरचा दिवस आणि रात्र मिळून आपले साडेएकोणतीस दिवस होतात. म्हणजे एकेक रात्र पंधरवड्याची. त्या रात्री तापमान शून्याखाली शंभर अंशांच्याही पलीकडे उतरते. ऊन नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून ऊब नाही. ‘विक्रम’ची आखणीच एका चांद्रदिवसापुरती केलेली होती. पण पांघरूण देता येते! सोव्हिएत संघाने १९७० साली चंद्रावर उतरवलेल्या ‘लुनोखोद-१’ या गाडीत पोलोनियम या किरणोत्सारी मूलद्रव्याची उष्णता वापरलेली होती आणि रात्र झाली की ती गाडी वरचे झाकण मिटून घेई. अशा कितीतरी रात्री काढत ती सुमारे दहा महिने चालली. चौथीच्या मुलीला कळेल अशा मराठीत हे सांगणारे एकही पुस्तक आमच्या फळीवर निघाले नाही. आपल्या घरात असेल तर पहिल्यांदा ते आणून द्या.

आता काय देऊ नये तेही सांगतो. राग मानू नका, पण ‘वाचनालयाला भेट’ या नावाखाली माळा रिकामा करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. स्पर्धा परीक्षांची प्रश्नसंचवजा पुस्तके नकोत. विक्रम उतरल्यावर घाईघाईने छापलेल्या चकचकीत पुस्तिकाही जपून द्या. त्यांतल्या काहींत यान थेट दक्षिण ध्रुवावर उतरल्याचे लिहिले आहे. प्रत्यक्षात ते सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, ध्रुवापासून सहाशे किलोमीटरहून अधिक अंतरावर उतरले. काहींत चंद्राची पलीकडची बाजू कायम अंधारात ठेवली आहे. तिथेही आपल्या बाजूइतकेच ऊन पडते, फक्त ती बाजू पृथ्वीवरून दिसत नाही, एवढेच.

जुन्या पुस्तकांचे मात्र वेगळे आहे. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून वगळले, तरी नऊ ग्रह सांगणारी पुस्तके घरोघरी आहेत. चंद्र ठणठणीत कोरडा असल्याचे सांगणारीही आहेत. चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने तिथे पाण्याच्या खुणा टिपल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. अशी थोडी पुस्तके आम्ही घेऊ आणि आत चिठ्ठी चिकटवू : ‘यात एक गोष्ट आता बदलली आहे, शोधा.’ छापील पुस्तकाची चूक काढायला मिळाली की न वाचणारे पोरही पान न् पान चाळते.

हवे काय, तर सर्वांत आधी जयंत नारळीकर. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘आकाशाशी जडले नाते’, जे असेल ते. केंब्रिजला शिकलेल्या या खगोलशास्त्रज्ञाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, परीक्षकांनी नाव पाहून गुण देऊ नयेत म्हणून. कथेला पहिले बक्षीस मिळाले. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा अनेकांनी त्यांची पुस्तके कपाटातून बाहेर काढून त्यांचे फोटो एकमेकांना पाठवले. तीच पुस्तके आता मुलांपर्यंत पोचवा, एवढीच विनंती आहे. मोहन आपटे यांची खगोलशास्त्रावरची पुस्तके हवीत. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न हवा. व्हर्नने १८६५ च्या कादंबरीत तीन माणसांना तोफेतून चंद्राकडे उडवले, तेही फ्लॉरिडातून. १०४ वर्षांनी अपोलो-११ चे तिघे फ्लॉरिडातूनच गेले. तोफेच्या धक्क्याने माणसांचा चेंदामेंदा होईल हे सहावीतले पोर आपण होऊन सांगते, आणि मग रॉकेट हळूहळू वेग का घेते यावर बोलणे सुरू होते. ‘किशोर’ मासिकाचे बांधीव अंक असतील तर सोन्याहून पिवळे. इंग्रजी चित्रपुस्तकेही चालतील, मात्र ती मराठीत वाचून दाखवणारा माणूस सोबत द्यावा लागेल.

ज्यांच्याकडे पुस्तके नाहीत त्यांनी छपाईचा भार उचलावा. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोफत मिळतात आणि त्या छापून घ्यायलाही मुभा आहे. मोबाइलवर वाचा असे आम्ही मुलांना सांगणार नाही. मोबाइल उघडला की चंद्र कुठे राहतो ते आपल्याला ठाऊक आहे. गावात झेरॉक्सची दुकाने आहेत, स्पायरल बाइंडिंग होते. रंगीत पानांचा खर्च कोणी दिला तर एका आठवड्यात एक फळी भरेल.

वाचून दाखवणारे हवेत, हे तर पुस्तकांहून निकडीचे आहे. निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुले, आजी-आजोबा, कोणीही चालेल. दर रविवारी सकाळी एक तास. अट एकच, वाचून झाल्यावर ‘यातून आपण काय शिकलो?’ हे विचारायचे नाही. प्रश्न मुलांनी विचारायचे. ते पोस्टकार्डावर लिहून पेटीत टाकतील. सही मागायला आलेल्या मुलांना नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आपल्या गावातल्या विज्ञान आणि भूगोलाच्या शिक्षकांनी हे काम अंगावर घ्यावे. उत्तर येत नसेल तर तसे लिहावे, पण सही करावी.

भूगोलाच्या सरांकडे आणखी एक मागणे आहे. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांत कोणाला ससा दिसतो तर कोणाला हरीण, ते लाव्हा थिजून झालेल्या बेसॉल्टचे आहेत. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसॉल्टच. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर तर अशनी आदळून बेसॉल्टमध्येच झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. चंद्रावरची विवरे समजून घ्यायला शास्त्रज्ञ तिथे येतात. हे नाते सरांनी मुलांना समजावून सांगावे. लोणारला जाणाऱ्यांनी फोटो जरूर आणावेत, दगड उचलून आणू नये. काळा दगड वाचनालयाच्या पायरीलाही आहे. मुलांना हात लावायला तोच दाखवू.

वाचन कोजागरीला सुरू होईल. दूध आटवायची जबाबदारी महिला मंडळाने आधीच घेतली आहे. मात्र चंद्र पाहायला मैदानावर यायचे ते पुढच्या शुक्ल अष्टमीला. पौर्णिमेला ऊन समोरून पडते, सावल्या नसतात आणि विवरे सपाट दिसतात. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर त्यांच्या कडा साध्या दुर्बिणीतूनही उठून दिसतात. पक्षी पाहायची १० × ५० ची दुर्बीण कोणाकडे असेल तर एका संध्याकाळपुरती द्यावी, तिवई असल्यास उत्तम. मधल्या संकष्टीला ज्या घरी चंद्रोदयाची वाट पाहतात तिथल्या मुलांनी दिनदर्शिकेतली वेळ आणि चंद्र प्रत्यक्ष दिसला ती वेळ, दोन्ही वहीत टिपून आणाव्यात. नागपूरचा चंद्र मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी का उगवतो, यावर त्यानंतरच्या रविवारी बोलू.

पुस्तके रोज संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत बालविभागात स्वीकारली जातील. फाटकी असली तरी हरकत नाही, चिकटवायला मुले तयार आहेत. पाने मात्र पूर्ण असावीत. अष्टमीच्या संध्याकाळी मैदानालगतच्या घरांनी गच्चीवरचे दिवे तासभर बंद ठेवावेत. मैदानाच्या कोपऱ्यातला हॅलोजन बंद करण्यासाठीचा अर्ज तयार आहे. त्यावर सह्या हव्यात. पुस्तक द्यायला याल तेव्हा तीही करून जा.

आपला नम्र,
बालविभाग, सार्वजनिक वाचनालय