विम्याची वर्गणी आणि वसईचा कामगार

वसईच्या पूर्वेस, वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार या गावांच्या शिवारात आज औद्योगिक गाळ्यांच्या रांगा पसरल्या आहेत; आणि त्या गाळ्यांत साच्यांवर, दाबयंत्रांवर नि लेथवर राबणाऱ्या माणसाच्या पगारातून दरमहा जी रक्कम कापली जाते, तिचे नाव त्याच्या तोंडी नुसते ‘ईएसआय’ असले, तरी तिचे मूळ कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ या, स्वतंत्र भारताने केलेल्या सामाजिक सुरक्षेच्या पहिल्या मोठ्या कायद्यात आहे. २०१९ च्या जुलैपासूनच्या दराने कामगाराने वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाने ३.२५ टक्के भरावयाचे असतात; म्हणजे २०,००० रुपये वेतनाच्या कामगाराचे १५० आणि त्याच्या मालकाचे ६५०, असे ८०० रुपये दरमहा कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या तिजोरीत जातात. ही वर्गणी ऐच्छिक नाही. ती बुडवणाऱ्या मालकास व्याज, दंड आणि प्रसंगी कारावासही सोसावा लागतो, आणि कामगाराला तर हा विमा नाकारण्याची मुभाच नाही.

राज्यसंस्थेने माणसाच्या कमाईवर अशी सक्ती करावी काय, हा प्रश्न लहान कारखानदारांच्या बोलण्यात अजूनही निघतो, आणि तो अनाठायी आहे असे मला वाटत नाही; कारण जो कर म्हणून घेतला जात नाही, पण नाकारताही येत नाही, अशा प्रत्येक पैशाचा जाब लोकशाहीत विचारला गेलाच पाहिजे. परंतु हा कायदा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या कसोटीवर १९६४ सालीच तपासला आहे, आणि तो निकाल देणारे सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

‘बसंतकुमार सरकार विरुद्ध ईगल रोलिंग मिल्स’ या नावाने ओळखला जाणारा हा खटला बिहारातील, आजच्या झारखंडातील, कुमारधुबी येथील. १९६० च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्या भागात विमा कायद्याचा अंमल सुरू केला. तेव्हा तेथील कंपन्यांनी, आता सरकारी विमा आला, असे कारण दाखवून, स्वतः देत असलेल्या वैद्यकीय सवलती बंद करण्याच्या नोटिसा लावल्या. त्याविरुद्ध न्यायालयात गेले ते मालक नव्हेत, तर खुद्द कामगार. कायदा कोठे आणि केव्हा लागू करावयाचा हे ठरवण्याचा अखत्यार संसदेने सरकारच्या हाती बेलगाम सोपवला आहे, आणि त्यामुळे समतेच्या हक्काचा भंग होतो, अशी त्यांची तक्रार होती. गजेंद्रगडकरांनी ती मान्य केली नाही. असा अखत्यार म्हणजे विधिमंडळाच्या अधिकाराचे हस्तांतरण नव्हे, ती सशर्त कायदेनिर्मिती होय, आणि एवढी व्यापक कल्याणकारी योजना साऱ्या देशात एकाच दिवशी उभी करणे शक्य नसल्यामुळे ती टप्प्याटप्प्याने, अनुभव घेत घेत विस्तारण्याची मोकळीक सरकारला देणे क्रमप्राप्तच आहे, असा त्या निकालाचा आशय होता. नोटिसांबद्दलच्या फिर्यादीसाठी कामगारांना औद्योगिक कलह कायद्याचा किंवा विमा कायद्यातीलच दाद मागण्याचा मार्ग दाखवण्यात आला.

विम्याच्या सक्तीचा वाद अन्यत्र निराळ्या अंगाने लढला गेला आहे. अमेरिकेत २०१० साली झालेल्या, विमा घेण्याची सक्ती करणाऱ्या आरोग्यविमा कायद्याविरुद्ध २६ राज्ये न्यायालयात गेली, आणि २०१२ च्या जूनमध्ये सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्यासह पाच न्यायमूर्तींनी चौघांच्या विरोधी मतास न जुमानता, विमा न घेणाऱ्यावरील आकार हा एक प्रकारचा करच आहे, या आधारावर ती सक्ती वैध ठरवली. तेथील वादाचा गाभा व्यक्तिस्वातंत्र्याचा आणि संघराज्यातील अधिकारविभागणीचा होता. कुमारधुबीच्या कामगाराचे दुःख निराळे होते. राज्याने आपल्या आयुष्यात हात घालू नये, असे त्याला म्हणावयाचे नव्हते. हातचा दवाखाना जाईल आणि त्याच्या बदल्यात मिळेल तो तितका चांगला नसेल, ही त्याची धास्ती होती. घटनेच्या भाषेत मांडताना तिला अधिकारदानाच्या तात्त्विक आक्षेपाचे रूप घ्यावे लागले आणि त्या रूपात ती टिकली नाही. तो निकाल बरोबर होता, असे माझे मत आहे. तो विरुद्ध गेला असता, तर प्रा. बी. पी. आडारकरांनी १९४४ च्या अहवालात ज्या विम्याचा आराखडा आखला आणि ज्या काळात मजूर खात्याची सूत्रे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती होती त्या काळात ज्याचा पाया घातला गेला, तो विमा सुरुवातीच्या काही शहरांपलीकडे गेलाच नसता.

पण त्या निकालाच्या तर्काची दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे दृष्टिआड केली आहे. टप्प्याटप्प्याने जाण्याची मुभा सरकारला कशासाठी मिळाली? योजनेचा पसारा मोठा असून तिची तजवीज जागोजागी व्हावयाची आहे, म्हणूनच. दवाखाने, डॉक्टर, औषधे आणि खाटा यांची व्यवस्था नसेल तेथे अंमल पुढे ढकलावा, एवढा विवेक त्या मुभेत गृहीत आहे, असे मी समजतो. मग जेथे वसुलीचा अंमल आधी पोहोचला आणि उपचाराची तजवीज मागे राहिली, तेथे त्या मुभेचा घटनात्मक आधार कितपत उरतो? या प्रश्नाचा विचार अधिक निकडीने करावा लागतो, कारण सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली असून, तिने १९४८ चा अधिनियम आपल्यात सामावून घेताना अधिसूचित क्षेत्रांची जुनी अटच काढून टाकली आहे. दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनेला कायदा आता देशात सर्वत्र लागू होतो. हा विस्तार स्वागतार्ह आहे. परंतु तयारी पाहून पाऊल टाकण्याचे जे बंधन पूर्वी निदान कागदावर होते, तेही त्याबरोबर गेले.

वसईच्या गाळ्यांतील कामगाराची स्थिती या कसोटीवर तपासावी. ताप-खोकल्याला जवळचा विमा दवाखाना आहे, काही खासगी रुग्णालये महामंडळाशी संलग्न आहेत. पण आजार मोठा निघाला की वर्षानुवर्षे चिठ्ठी मिळत आली ती कांदिवलीच्या विमा रुग्णालयाची, आणि त्यासाठी आजारी माणसाला घेऊन खाडीपूल, भाईंदर, मीरा रोड, दहिसर, बोरीवली ओलांडीत लोकलच्या गर्दीतून जावे लागते. १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीच्या मरोळ येथील विमा रुग्णालयाला आग लागून अनेकांचे प्राण गेले आणि ते रुग्णालय दीर्घकाळ पूर्णांशाने सुरू होऊ शकले नाही. पश्चिम उपनगरांपासून पालघरपर्यंतच्या विमाधारकांच्या वाटेचे एक मोठे दारच त्यामुळे बंद झाले. त्या काळातही वर्गणीची कपात मात्र एका महिन्यानेही थांबली नाही. यंत्रात बोट गेलेल्या माणसाला सहकारी उचलून जवळच्या खासगी इस्पितळात नेतात आणि अनामत रकमेची जुळवाजुळव करतात, तेव्हा त्याच्या खिशातील विमा कार्डाची काय किंमत राहते, हे येथील प्रत्येक पर्यवेक्षकाला ठाऊक आहे.

एवढे असूनही कायदा मोडीत काढावा, असे मी म्हणणार नाही. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता, २६ आठवड्यांचा प्रसूतिलाभ, कुटुंबासह उपचार, आणि कामावर मृत्यू आल्यास आश्रितांना निवृत्तिवेतन, हे कोणत्याही खासगी विमा कंपनीने या वर्गणीत कधी दिलेले नाही आणि देणारही नाही. म्हणूनच या दुरवस्थेविरुद्धचा लढा कायदा रद्द करण्याचा नको, तो पुरा करून घेण्याचा हवा. आणि त्यासाठी घटनेचे दार उघडे आहे. कामगाराचा आरोग्याचा हक्क जीविताच्या मूलभूत हक्कातच येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणी सांगितले. तातडीचा उपचार न मिळाल्यास पैशाच्या टंचाईची सबब राज्याला सांगता येणार नाही, असे १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या शेतमजूर संघटनेच्या याचिकेत ठरले. आणि विमा रुग्णालयातील सेवा फुकटची नसून वर्गणीच्या मोबदल्यातील आहे, म्हणून विमाधारक हा ग्राहकच होय, असा निर्णय २००७ मध्ये झाला. हे तीन निकाल १९६४ च्या निकालाशेजारी ठेवून वाचले, तर मला त्यांतून एकच कायदेशीर निष्कर्ष निघताना दिसतो: सक्तीने घेतलेल्या वर्गणीच्या बदल्यात हाकेच्या अंतरावरचा उपचार हे राज्याचे अनुग्रहाचे दान नसून त्याच्यावरचे देणे आहे.

तेव्हा वसई-विरारच्या कामगार संघटनांनी हे देणे मागण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे. आपल्या तालुक्यातून दरवर्षी किती वर्गणी वसूल होते आणि उपचारावर येथे किती खर्च होतो, याचा हिशेब माहिती अधिकारात आधी मागून घ्यावा, आणि तो जोडून, महामंडळाचे सुसज्ज रुग्णालय वसई तालुक्यात ठरलेल्या मुदतीत उभारावे आणि तोवर जवळच्या कोणत्याही रुग्णालयात अनामत रकमेशिवाय तातडीचा उपचार मिळावा, असा आदेश मागावा. गाळेमालकांना माझी विनंती अशी की, त्यांनी दहाचा आकडा चुकवण्यासाठी हजेरीपटाची मोडतोड करण्याऐवजी या याचिकेत कामगारांच्या शेजारी अर्जदार म्हणून उभे राहावे. दर आठशे रुपयांतले साडेसहाशे त्यांच्या खिशातून जातात, आणि त्यांचा जाब मागण्याचा हक्क त्यांचाही आहे.