बुद्धाचे शिर दिवाणखान्यात, बाबासाहेबांची तसबीर माळ्यावर

देहूरोडहून निगडीकडे या किंवा सोमाटण्यावरून तळेगावकडे जा, जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या दोन्ही बाजूंना घरविक्रीचे फलक पाठ सोडत नाहीत. किवळे, रावेत, पुनावळे, मामुर्डी ही कालपरवापर्यंतची शेतशिवारे आज टॉवरांनी भरली आहेत. या फलकांवर घराचे जे चित्र असते ते ठरलेले असते. फिकट रंगाच्या भिंती, छुप्या दिव्यांचे पीओपीचे छत, काचेचे टेबल, आणि कोपऱ्यात डोळे मिटलेला तथागताचा चेहरा. नुसता चेहरा. धड नाही, हात नाहीत, भूमिस्पर्श मुद्रा नाही, धम्मचक्र तर नाहीच. फायबरचे शिर, त्याखाली पाण्याचा छोटा कारंजा, वर पिवळा दिवा. सॅम्पल फ्लॅट पाहायला गेलेल्या माणसाला विक्री करणारी मुलगी सांगते की यामुळे घरात शांतता वाटते.

ज्या गावाच्या वेशीवर हा व्यापार चालतो त्या गावाचा इतिहास आंबेडकरी जनतेला नव्याने सांगायला नको. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात आपल्या हाताने बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. मूर्तीही रंगूनहूनच आणलेली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही घटना. महाडला मनुस्मृतीचे दहन झाले ती तारीखही २५ डिसेंबरच, साल १९२७. म्हणून दरवर्षी त्या दिवशी देहूरोडला लोक लोटतात. दारूगोळ्याच्या डेपोत, रेल्वेत, कॅन्टोन्मेंटच्या सफाई खात्यात राबणाऱ्या माणसांना त्या मूर्तीने काय दिले? शांत झोप नव्हे. ताठ मान दिली. बाबासाहेबांचा बुद्ध हा खोलीची शोभा वाढवणारा बुद्ध नाही, तो प्रश्न विचारणारा बुद्ध आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बुद्धाचा अपमान झाला म्हणून दगड हातात घ्या, असे आम्ही म्हणत नाही. २०१५ साली ब्रह्मदेशात एका बारच्या व्यवस्थापकाला हेडफोन लावलेल्या बुद्धाच्या चित्राबद्दल तुरुंगात धाडले गेले. श्रीलंकेने २०१४ साली दंडावर बुद्ध गोंदवलेल्या ब्रिटिश बाईला परत पाठवले, आणि पुढे तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई देवविली. हा मार्ग आपला नाही. तथागत हे देव नव्हेत, त्यांचा कोप होत नाही, त्यांच्या रक्षणाला पोलिसांची गरज नाही. (पोट सुटलेला, हसरा, पैशाची पोतडी घेतलेला लाफिंग बुद्धा तर दहाव्या शतकातल्या एका चिनी भिक्खूचे रूप. सिद्धार्थ गौतमाशी त्याचा संबंध नाही, तरी आपल्याच काही घरांत तो टीव्हीवर बसलेला असतो.) शिर तेवढे शोभेला ठेवण्याची ही आवड आली कुठून, याचा मात्र विचार करावा. कंबोडियाच्या अंगकोरमधून, गांधारच्या स्तूपांतून मूर्तींची मुंडकी करवतीने कापून युरोप-अमेरिकेच्या बाजारात गेली, कारण पूर्ण मूर्ती हलवणे जड आणि मुंडके नेणे सोपे. चोरांच्या सोयीतून जन्मलेला हा आकार आज रुचीचा नमुना म्हणून आपल्याला विकला जातो.

परंतु आमचा मुख्य मुद्दा शिराचा नाही. ज्या बाजाराला बुद्ध चालतो, त्याला बाबासाहेब का चालत नाहीत, हा आहे.

आपल्या समाजातील बरीच कुटुंबे आज घर विकत आहेत. डेपोतून निवृत्त झालेला माणूस वन-बीएचके विकून टू-बीएचके घेतो, मुलगा हिंजवडीला कामाला लागला म्हणून रावेतला सरकतो, कोणी आजारपणासाठी विकतो. एजंट येतो, घर पाहतो आणि सूचना देतो. पडदे बदला, पंखे पुसा, भिंतीला ऑफ-व्हाइट मारून घ्या, अडगळ माळ्यावर टाका. येथवर कोणाची तक्रार नाही, स्वच्छ घराला चार पैसे जास्त येतात हे खरेच आहे. नंतर आवाज थोडा खाली येतो. हॉलमधली ती मोठी तसबीर गिऱ्हाईक येईपर्यंत आत ठेवता आली तर बरे. दारावरचे जय भीमचे स्टिकर काढा. निळा रंग जरा भडक वाटतो. गिऱ्हाईक येणार त्या दिवशी सुकट-बोंबील भाजू नका. आणि नावाची पाटी? नावाची पाटी तूर्त नको. आडनाव कांबळे असेल तर एजंट गप्प राहतो. गायकवाड असेल तर हसून विचारतो, म्हणजे बडोद्याचे का?

बडोद्याचे नाव निघालेच आहे तर आठवण द्यावी लागेल. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता, दोघांनीही आपापली अडचण सांगितली. बाबासाहेबांनी हे स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे. नाव लपवल्याशिवाय छप्पर नाही, हा तेव्हाचा नियम होता. आज घर आपले आहे, कर्जाचे हप्ते आपण फेडले आहेत, इंडेक्स टू आपल्या नावावर आहे, आणि तरी ते विकताना नाव लपवा असे सांगितले जाते. तेव्हा घेताना, आता देताना, एवढाच फरक पडला काय?

एजंट म्हणेल, यात जातीचे काही नाही, हे सगळीकडचे शास्त्र आहे. त्याचे अर्धे म्हणणे खरे आहे. विकण्यापूर्वी घर सजवून मांडण्याचा हा धंदा, ज्याला होम स्टेजिंग म्हणतात, अमेरिकेत १९७०च्या दशकात बार्ब श्वार्झ नावाच्या बाईने रुजवला. त्यात खरोखरच सांगतात की घरमालकाचे फोटो, धार्मिक वस्तू, वैयक्तिक खुणा काढा, म्हणजे येणाऱ्याला ते घर आपले वाटेल. ठीक आहे. मग शेजारच्या घरात हाच एजंट चौकटीवरची गणपतीची टाइल काढायला सांगतो काय? ईशान्येचे देवघर झाकायला सांगतो काय? उलट तो वास्तुशास्त्राप्रमाणे घर आहे हे पहिल्या वाक्यात सांगतो. कोऱ्या सॅम्पल फ्लॅटमध्ये, जिथे कोणीच राहत नाही, तिथेसुद्धा देवघराचा कोनाडा असतो आणि त्यात मूर्ती असते. म्हणजे एका समाजाची खूण ही सर्वांची समजली जाते आणि आपली खूण तेवढी वैयक्तिक, भडक, अडचणीची ठरते. तटस्थ म्हणून जो रंग सांगितला जातो, त्याची जात तपासून पाहिली पाहिजे.

अमेरिकेतलाच दाखला घेऊ. कॅलिफोर्नियात मरिन सिटी नावाच्या वस्तीत एका काळ्या दांपत्याने २०२० साली आपल्या घराचे मूल्यांकन करून घेतले. ९ लाख ९५ हजार डॉलर ठरले. त्यांना शंका आली. त्यांनी आपल्या घराण्याचे फोटो आणि आफ्रिकन कलावस्तू काढल्या, एका गोऱ्या मैत्रिणीला तिच्या कुटुंबाच्या फोटोंसह घरमालकीण म्हणून उभे केले आणि दुसरा मूल्यांकनकार बोलावला. तेच घर, त्याच भिंती, तीच फरशी. आकडा आला १४ लाख ८० हजारांच्या वर. भिंतीवर कोणाचा चेहरा आहे याची किंमत जवळजवळ पाच लाख डॉलर! तिथे १९६८ पासून, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात सही झालेला, घरांबाबतच्या भेदभावाविरुद्धचा कायदा आहे. त्याच्या आधारे हे दांपत्य कोर्टात गेले आणि २०२३ साली तडजोड झाली. ब्लॅक पँथरकडे पाहून दलित पँथर उभी करणाऱ्या समाजाने हे उदाहरण नीट वाचावे. आपल्याकडे असा प्रयोग कोणी केला तर आकडा काय येईल?

याच्या जवळ जाणारा अभ्यास मात्र आपल्याकडे झालेला आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांसाठी विचारणा करून पाहिली, तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नुसते फोनवर नाव सांगताच १८ टक्के दलितांना आणि ३१ टक्के मुस्लिमांना सरळ नकार मिळाला. सवर्ण नावाला असा नकार एकही नाही. ही माणसे घरमालकासमोर उभीसुद्धा राहिली नव्हती.

मग कायदा काय करतो? रेरा कायदा २०१६चा, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा काम करते आहे. प्रकल्प नोंदवताना बिल्डर जे प्रतिज्ञापत्र देतो, त्यात घरवाटपाच्या वेळी कोणाशी भेदभाव करणार नाही अशी हमी असते. किती बांधवांना हे ठाऊक आहे? पण ही हमी बिल्डरची. एजंटाची नोंदणीसुद्धा बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पांपुरती; जुन्या इमारतीतले घर विकून देणारा त्या चौकटीच्या बाहेर मोकळा. सोसायटीचे म्हणाल तर सहकार कायद्यात खुल्या सदस्यत्वाचे कलम आहे, तरीही सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात फक्त आपल्याच समाजाला सभासद करण्याचा उपविधी मान्य केला. त्या निकालाची सावली आजही आहे. सर्वात जुने हत्यार मात्र लोक विसरले आहेत. १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे वा त्यात राहणे यात अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंडाचा आकडा हास्यास्पद आहे, पण कैद आहे.

काही बांधव सुचवतात की आपले घर आपल्याच माणसाला विकावे, विहाराच्या फळ्यावर पाटी लावावी, म्हणजे तसबीर काढण्याचा प्रश्नच येत नाही. सोयीचे आहे, आणि अडलेल्याने करावेही. पण त्यातला धोका ओळखावा. आपल्या घराला आपल्यापुरतेच गिऱ्हाईक उरले की भाव पडतो, आणि इमारतीमागून इमारत आपलीच होत गेली की बाकीचे तिला नाव ठेवू लागतात. बाबासाहेबांनी गाव सोडून शहराकडे चला असे सांगितले ते महारवाड्यातून सुटण्यासाठी. लिफ्ट असलेला महारवाडा उभारण्यासाठी नव्हे.

घेणाऱ्या बांधवांसाठीही दोन शब्द. सजावट पाहून भुलू नये. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग नेहमीपेक्षा आखूड असतो, खोल्यांना दारे बसवलेली नसतात, आरशांनी जागा दुप्पट दिसते. खिशात टेप घेऊन जा, कार्पेट एरिया मोजा. नमुना घर दाखवून खोटी माहिती दिली आणि नुकसान झाले तर रेराच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. देहूरोड परिसरात तर याहून मोठी गोष्ट आहे ती रेड झोनची. दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांच्या पट्ट्यात १९०३च्या संरक्षणविषयक कायद्याखाली बांधकामाला बंदी आहे. तळवडे, रुपीनगर, यमुनानगरच्या हजारो कुटुंबांचा जीव या रेषेत अडकला आहे. निगडीच्या सेक्टर २२मध्ये खुद्द महापालिकेचा झोपडपट्टी पुनर्वसन प्रकल्प या वादात कोर्टात लटकला. अशा पट्ट्यातले अर्ध्या गुंठ्यातले घर टेक्श्चर पेंट लावून, बुद्धाचे शिर ठेवून, नोटरीच्या कागदावर विकले जाते. बँक कर्ज का देत नाही, हे विचारले की एजंट म्हणतो, रोख असेल तर अजून कमी करून देतो. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत जमीन कोणत्या नोंदीवर आहे, मालकी लष्कराची की खासगी, हे बोर्डाच्या रजिस्टरमध्ये पाहिल्याशिवाय इसारा देऊ नये.

घर विकताना ज्यांनी तसबीर आत ठेवली त्यांना आम्ही दोष देणार नाही. हप्ता थकलेला असतो, मुलीची फी भरायची असते, आणि पाच-पन्नास हजारांचा फरक त्या घरात फार मोठा असतो. स्वाभिमानाची किंमत नेहमी गरिबानेच का मोजावी? पण एवढे करावे. एजंटाने जे सांगितले ते तोंडी राहू देऊ नये. काय काढायला सांगितले, त्याच इमारतीत दुसऱ्याला काय ठेवू दिले, हे मेसेजवर लिहून मागावे आणि जपून ठेवावे. अशी शंभर घरांची नोंद पुण्यात झाली तर मागणीला पुरावा मिळेल. मागणी साधी आहे: बिल्डर जी भेदभाव न करण्याची हमी देतो, तीच हमी जुने घर विकून देणाऱ्या प्रत्येक एजंटाकडून आणि सभासदत्वाचा अर्ज घेणाऱ्या प्रत्येक सोसायटीकडून लेखी घेण्याचा कायदा विधिमंडळाने करावा. देहूरोडच्या विहाराशी निगडित संघटनांनी २५ डिसेंबरच्या कार्यक्रमात भाषणांच्या आधी एक टेबल या नोंदीसाठी मांडावे. राज्यभरातून लोक येतातच, त्यांच्यात घर विकणारेही असतात.