कोर्लईचे दार कोणाचे?

मुरुड तालुक्यातील कोर्लईच्या किल्ल्यावर एक छप्पर नसलेले चर्च आहे. भिंती उभ्या आहेत, दगडी प्रवेशद्वार शाबूत आहे आणि आत वेदीची जागा ओळखू येते. दुर्गभ्रमणाच्या मराठी लेखनात या दाराला हमखास एकच विशेषण मिळते, ‘पोर्तुगीज’. पुढे सनावळी येते : १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हे ठाणे निजामशाहीकडून जिंकले, १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले. माहिती खरीच आहे. माझा आक्षेप तिच्या पुरेपणाला आहे. तोफांचा हिशेब मालकी बदलली की संपतो, श्रद्धेचा तसा संपत नाही. सत्ता गेली तरी प्रार्थना करणारी माणसे गेली नाहीत. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचे गाव आहे, माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च आहे, आणि मुख्य म्हणजे त्यांची स्वतःची भाषा आहे.

या भाषेला बोलणारे ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. (नाव ठेवण्यातला हा साधेपणा आपल्या परिभाषाकारांनी हेवा करावा असा आहे.) तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज मुळाचे, पण पोर्तुगीजमध्ये कर्मापूर्वी येणारे क्रियापद येथे मराठीसारखे वाक्याच्या शेवटी जाऊन बसते. शेजारणीच्या अंगणात वाढलेले मूल तिच्याच चालीने चालू लागावे, तसे हे झाले आहे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये या भाषेच्या जडणघडणीवर संपूर्ण ग्रंथ लिहिला. बोलणारे फार तर हजारभर.

आपण मराठीचे अध्यापक १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ शिकवतो, आणि ते शिकवलेच पाहिजे. परंतु तेथे परकीय धर्मोपदेशक मराठीकडे आला, हे कौतुक आपल्याला सोयीचे वाटते. कोर्लईत उलटा प्रवास आहे : मराठीने परक्या भाषेच्या घरात शिरून तिची वाक्यरचनाच बदलली. आपल्या भाषेचा एवढा मोठा पराक्रम आपण वाचायला जातो तो इंग्रजी ग्रंथात.

सहली किल्ल्यावर जातात, दारात छायाचित्रे काढतात आणि उतरताना गावातून सरळ निघून जातात. गावातली ख्रिस्ती मुले मराठीही सहज बोलतात, त्यामुळे दुभाष्याचीही अडचण नाही. विद्यार्थ्यांनी वहीत दाराचे माप घ्यावेच. पण तासभर गावात थांबून, घरच्यांच्या संमतीने, एखाद्या आजीबाईची दहा वाक्येही टिपून घ्यावीत.