वाइन : चवीने घ्या, औषध म्हणून नको!

थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, की आमच्या पोशीर परिसरात पोपटीचे दिवस येतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी आणि भोवती जाळ. अलीकडे फार्महाऊसवरच्या पोपटीत मडक्याशेजारी वाइनची बाटलीही दिसते. कधी नाशिकची, तर कधी थेट फ्रान्सची.

अशाच एका पोपटीच्या रात्री एका गृहस्थांना माझ्याकडे आणले. अंग घामाने थबथबलेले, बोलणे असंबद्ध. त्यांना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. मडके उघडायला उशीर झाला आणि तोवर रिकाम्या पोटी तीन ग्लास वाइन झाली होती. रक्तातील साखर भरली 46! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते भानावर आले. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच म्हणाला होतात ना, लाल वाइन हृदयाला चांगली?"

होय, मी म्हणालो होतो. 1992 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सर्ज रेनो व त्यांच्या सहकाऱ्याचा लेख आला. फ्रेंच माणूस लोणी-चीज भरपूर खातो, तरी त्याला हृदयविकार कमी, आणि याचे श्रेय वाइनला असावे, असा त्याचा आशय होता. आम्ही तेव्हाच्या तरुण डॉक्टरांनी हे उचलून धरले. पुढे या समजाच्या मर्यादा उघड झाल्या. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेली माणसेही मोजली गेली होती. माफक वाइन घेणारे बहुधा सुस्थितीतले, खाण्यापिण्याची काळजी घेणारे असत. त्यांच्या प्रकृतीचे श्रेय बाटलीला मिळाले. द्राक्षाच्या सालीतील ज्या रेस्व्हेराट्रॉलचे गोडवे गायले गेले, ते वाइनमध्ये अत्यल्प असते. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले होते. जानेवारी 2023 मध्ये या संघटनेच्या युरोप विभागाने स्पष्ट सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही.

2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य तोंडोतोंडी झाले. साधा हिशेब करू. 750 मिलीच्या बाटलीत 13 टक्के म्हणजे सुमारे 97 मिली शुद्ध अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये असते सुमारे 77 मिली. म्हणजे एकट्याने बाटली संपवणारा क्वार्टरपेक्षा जास्तच पितो! यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही.

मग फ्रेंचांकडून घेण्यासारखे काहीच नाही का? आहे, आणि ते म्हणजे त्यांची पद्धत. बोर्दो, बरगंडी, शॅम्पेन, अल्सास ही वाइनची नावे मुळात प्रदेशांची नावे आहेत. ज्या मातीतली वाइन, तिथलेच जेवण तिच्यासोबत. ल्वार नदीच्या मुखाकडची मस्काडे कालवांबरोबर, अल्सासची रीसलिंग आंबवलेल्या कोबीबरोबर. आपल्याकडे तांदळाची भाकरी आणि सुका जवळा, तसेच हे. वाइन तिथे जेवणातली सोबतीण आहे, जेवणाआधीची घाई नाही.

चव घेण्याची रीतही पाहा. ग्लास जेमतेम एक तृतीयांश भरायचा, रंग पाहायचा, ग्लास हलकेच फिरवून वास घ्यायचा, मग लहानसा घोट जिभेवर घोळवायचा. आणि ज्यांचा हा व्यवसायच आहे, ते पारखी तो घोट चक्क थुंकून टाकतात! चव कळायला पोटात जावे लागत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

लाल वाइन 'घरातल्या तापमानाला' द्यावी, हा नियम थंड देशातला. तो अर्थ 16 ते 18 अंशांचा. कर्जतच्या मे महिन्यातला नव्हे. इथे लाल वाइनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, पांढरी 8 ते 10 अंशांवर द्यावी. आपल्या तिखटाशी तुरट लाल वाइनचे जमत नाही. तोंडाची आग वाढते आणि आग विझवायला माणूस आणखी पितो. पोपटीतल्या मसालेदार कोंबडीबरोबर थंड, किंचित गोडसर पांढरी बरी. तहानेला मात्र पाणीच हवे. ते प्रत्येक ग्लाससोबत ठेवावे.

खुद्द फ्रान्सच्या आरोग्य यंत्रणेचा 2017 पासूनचा सल्ला आहे : 100 मिलीचे ग्लास आठवड्याला 10 पेक्षा जास्त नकोत, दिवसाला 2 पेक्षा जास्त नकोत आणि रोज तर नकोतच. ही मर्यादा धडधाकट माणसासाठी आहे. गर्भवती, यकृताचे रुग्ण, झोपेच्या गोळ्या घेणारे आणि ज्यांना गाडी चालवायची आहे, त्यांनी एक थेंबही घेऊ नये. मधुमेहाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्लासला हात लावू नये. आणि रिकाम्या पोटी तर कधीच नाही. जो पीत नाही, त्याने प्रकृतीसाठी म्हणून सुरुवात मुळीच करू नये.

त्या माउलीला मी इतकेच म्हणालो, "वहिनी, तेव्हा मी चुकलो होतो." ज्या ज्या रुग्णांना मी तो सल्ला दिला, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर हेच उत्तर त्यांनाही आहे. हृदयासाठी रोज चाला, मीठ आणि तंबाखू आवरा, रक्तदाब तपासून घ्या. आणि पुढच्या पोपटीला आधी मडके उघडा, बाटलीचे नंतर पाहू.