ज्याला मागता येत नाही, त्या बंद्याचे काय?

रमजान आला की कारागृहांचे घड्याळ थोडे बदलते. रोजा ठेवणाऱ्या बंद्यांसाठी पहाटेच्या सहेरीची आणि सायंकाळच्या इफ्तारची सोय केली जाते. म्हणजे माणसाची गरज पाहून तुरुंगाचे वेळापत्रकही हलते. मात्र सोय मागणाऱ्याला मिळते. ज्याला आपली गरज सांगताच येत नाही, अशा बौद्धिक दिव्यांग बंद्याचे काय?

मनोरुग्ण आणि बौद्धिक दिव्यांग यांच्यात आपण नेहमी गल्लत करतो. मानसिक आजार कोणत्याही वयात जडतो आणि उपचारांनी आटोक्यात येऊ शकतो. बौद्धिक दिव्यांगता बालपणापासूनची असते. असा माणूस कुठे दुखते, कधीपासून दुखते, हे नीट सांगू शकत नाही. डॉक्टरांनी 'बरे आहे ना?' विचारले की मान डोलावतो. यांच्यापैकी अनेकांना फिट्सचाही त्रास असतो. बराकीतले सोबती उपाशी राहिले की तोही राहतो, दिवसाची गोळी चुकते आणि फिट येते. ज्याला बरेवाईट उमजत नाही, त्याच्यावर शरियतने रोजा फर्जच केलेला नाही. पण हे त्याला सांगणार कोण?

कायद्यातही तो दोन दारांच्या मध्ये उभा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०३ प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहात मानसिक आरोग्य केंद्र असावे, असे सांगते. मात्र याच कायद्याच्या व्याख्येत बौद्धिक दिव्यांगता बसत नाही. ती येते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील अभ्यासगटाने फाशीची शिक्षा झालेल्या बंद्यांची तपासणी करून २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यात सुमारे ११ टक्के बंदी बौद्धिक दिव्यांग आढळले. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, दिव्यांग बंद्याची ओळख दाखल होतानाच पटवा, असे बजावले.

हे बुलढाण्याच्या जिल्हा कारागृहालाही अवघड नाही. विदर्भातले प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात, तीनशे किलोमीटरहून दूर आहे. पण पहिली ओळख पटवायला तिथवर जावे लागत नाही. शाळा कितवीपर्यंत झाली? सुट्टे पैसे मोजता येतात का? आज वार कोणता? एवढे विचारावे, घरच्यांना बोलवावे आणि शंका आली तर सरकारी रुग्णालयात तपासणी करावी. नंतर गोळी समोर उभे राहून द्यावी आणि वकिलाला व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे.

कुटुंबांनीही अशा मुलाचे दिव्यांग प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावे. उद्या पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात त्याच्या वतीने तो कागदच बोलेल.

गरीब आणि अनाथांच्या बरोबरीने कैद्यालाही जेवू घालणाऱ्यांची कुरआनने वाखाणणी केली आहे. तुरुंगात भाकरी मिळतेच. या बंद्याला हवा आहे तो त्याच्याजवळ बसून, सोप्या शब्दांत, पुन्हा पुन्हा विचारणारा माणूस.