सायकल हलकी, खिसाही हलका

मंडळी, विषय सायकलचा असला तरी रोख आपल्या स्वभावावर आहे, हे आधीच सांगून टाकतो. इथे अमेरिकेत मुलानं किंवा मुलीनं शाळेच्या माउंटन बाइक टीममध्ये नाव घातलं, की घरात एकच चर्चा सुरू होते: फ्रेम कार्बनची घ्यायची की अ‍ॅल्युमिनियमची? बहुतेक घरांत निकाल आधीच ठरलेला असतो. "घ्यायचीच तर चांगली घेऊ, एकदाच काय तो खर्च!" माझं मत स्पष्ट आहे. वाढत्या वयाच्या मुलाला क्रॉस-कंट्रीसाठी कार्बनची सायकल घेऊन देणं हा हौसेच्या नावाखाली केलेला अविचार आहे.

आधी हिशेब मांडू. त्यात आपण कच्चे नाही. फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या, म्हणजे हार्डटेल सायकलची अ‍ॅल्युमिनियमची चांगली फ्रेम कार्बनपेक्षा साधारण अर्धा किलो जड असते. मुलाचं वजन 50 किलो धरा. सायकल, हेल्मेट, पाणी मिळून आणखी 15. एकूण 65 किलोंत अर्धा किलो म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. 20 मिनिटांच्या खड्या चढावर फरक पडेल तो फार तर 9-10 सेकंदांचा. तेवढा वेळ आपले चिरंजीव पाण्याची बाटली काढण्यात घालवतात! आणि त्यासाठी बऱ्याचदा हजार डॉलरहून अधिक रक्कम जादा मोजायची.

बरं, बजेट ठरलेलं असेल तर कार्बनच्या फ्रेमवर गेलेले पैसे दुसरीकडून कापले जातात. म्हणजे फोर्क साधा, ब्रेक साधे, चाकं जड. त्याच किमतीत अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलवर हे सगळं एक पायरी वरचं मिळतं. उतारावर मुलाला सांभाळतात ते ब्रेक, फोर्क आणि टायर. कार्बन धक्के शोषतो हे खरं. पण रुंद ट्यूबलेस टायरमध्ये हवेचा दाब नीट ठेवला तर त्याहून जास्त धक्के तिथेच जिरतात.

आता पडझडीचं बघा. शिकणारं मूल पडणारच, पडलंही पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमला पोचा आला तर तो डोळ्यांना दिसतो. कार्बनवर दगडाचा नेमका घाव बसला तर रंगाखाली आतले थर सुटलेले असू शकतात आणि वरून फक्त ओरखडा दिसतो. सीटपोस्टचा स्क्रू आवळायचा तरी टॉर्क रेंच हवा. जास्त आवळला तर नळीला तडा. अ‍ॅल्युमिनियम अमर आहे असं माझं म्हणणं नाही. तेही वर्षानुवर्षांच्या ताणानं थकतं, आणि कार्बन दुरुस्त करणारे कुशल कारागीर असतात. पण बाराव्या वर्षी घेतलेली फ्रेम पंधराव्या वर्षी लहान होते, तिथे "एकदाच खर्च" हा शब्दच खोटा ठरतो. कंपनीची आजन्म वॉरंटीही बहुधा पहिल्या मालकापुरती असते, आणि पडून झालेलं नुकसान तीत धरत नाहीत.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं: ऑलिंपिकवाले कार्बनच वापरतात. वापरतात ना! 2024 साली पॅरिसला ब्रिटनच्या टॉम पिडकॉकची सायकलही कार्बनचीच होती. भर शर्यतीत तिचं पुढचं चाक पंक्चर झालं, तो बराच मागे पडला, आणि तरीही शेवटच्या फेरीत पुढे जाऊन त्यानं सुवर्णपदक मिळवलं. त्याला अडवलं टायरनं आणि जिंकवलं पायांनी. कार्बन पुढच्या सगळ्यांकडेही होता.

दुसरं उत्तर जास्त हळवं असतं. "आम्ही तासाच्या भाड्यानं सायकल आणून, नळीखालून पाय घालून हाफ पॅडल मारत शिकलो, मुलांना तरी चांगलं मिळू दे." भावना समजते. पण आपली हौस राहिली म्हणून तिचं ओझं मुलानं का वाहावं? महागडी सायकल हाती आली की "जपून चालव, किती डॉलरची आहे माहीत आहे ना?" हे वाक्यही मागोमाग येतं. मग मूल दगडांवरून सायकल घालायला बिचकतं. माउंटन बाइकवर बिचकणारा मुलगा शिकत नाही आणि शर्यतही हरतो.

शिवाय प्रश्न फक्त आपल्या घराचा नाही. 2009 साली स्थापन झालेल्या नायका या संस्थेच्या लीगमध्ये सहावी ते बारावीची मुलं उतरतात, आणि कुणालाही बाकावर बसवून ठेवायचं नाही हे तिचं तत्त्व आहे. अशा ठिकाणी पार्किंगमध्ये कार्बनच्या सायकलींची रांग लागली, की नवखे आईवडील "हे आपल्याला झेपणारं नाही" म्हणत काढता पाय घेतात. हा खेळ 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत वाढला, तो जुन्या, जडशीळ पोलादी सायकलींवर. त्याचं प्रवेशशुल्क आपणच वाढवायचं का?

ज्याची उंची वाढायची थांबली आहे, जो सेकंदांसाठी झगडतो आणि फ्रेमची निगा स्वतः राखतो, त्यानं खुशाल कार्बन घ्यावा. स्वतःच्या कमाईतून घेतला तर दुधात साखर. तोवर मापाची, चांगल्या ब्रेकची अ‍ॅल्युमिनियमची सायकल घ्या, चांगले टायर घाला आणि उरलेल्या पैशांत मुलाला चार नव्या डोंगरवाटा दाखवा. दोन वर्षांनी तीच सायकल तपासून, तेलपाणी करून मंडळातल्या धाकट्या कुणाला तरी द्या. पाठ्यपुस्तकं अशीच हातोहात देत आपण शिकलो. सायकलच्या बाबतीत त्याची लाज कसली?