लालबाग ते उटी: सहल झाली, आता शिवारफेरी करा



मे महिना आला की आमच्या जत भागातून दोन-चार गाड्या तरी बेंगळुरू-म्हैसूर-उटीकडं निघतातच. द्राक्षाची खरड छाटणी उरकलेली असते, पोरांना सुट्ट्या असतात. आठवड्यानं ग्रुपवर फोटो येतात. वृंदावनच्या कारंज्यापुढं सगळं घर, लालबागेत फुलांच्या घड्याळापुढं मामा-मामी, उटीच्या हिरवळीवर लोळणारी पोरं. त्याला माझी ना नाही. वर्षभर रानात राबणाऱ्या माणसानं चार दिवस थंड हवा खावी, घरच्यांना हिंडवून आणावं. पण शेतकरी माणूस या बागांमधनं नुसते फोटो घेऊन परत येतो, हे मला पटत नाही. कृषी विद्यापीठात जायचं आणि कँटीनचा चहा पिऊन परत यायचं, तसं झालं ते.

या बागांमध्ये शोभा आहेच, पण तेवढंच नाही. आपण आज ज्याला ट्रायल प्लॉट म्हणतो ते काम यांनी दीडशे-दोनशे वर्षं केलंय. परमुलखातलं झाड आधी इथं लागलं, इथं जगलं किंवा मेलं, आणि मग कुठं शेतकऱ्याच्या रानात गेलं. ते बघायची नजर घेऊन गेलं पाहिजे.

लालबागेपासनं सुरू करू. हैदर अलीनं १७६० साली ही बाग घातली, टिपूनं वाढवली, बाहेरदेशाहून बिया-रोपं मागवून लावली. १७९९ ला टिपू पडला आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सिस बुकानन नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर म्हैसूर मुलखाची पाहणी करत इथं आला. त्यानं बागेची मांडणी लिहून ठेवलीय. चौकोनी तुकडे, मधनं वाटा, वाटांच्या कडेनं सरूची झाडं, आणि एका तुकड्यात एकाच जातीचं पीक. एक तुकडा नुसता गुलाबाचा, एक नुसत्या डाळिंबाचा. आपण विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर प्लॉटवार लागवड बघतो, ती काय वेगळी असते?

पुढं १८५६ ला ती सरकारी वनस्पती उद्यान झाली. १८७४ ला लंडनच्या क्यू बागेतला जॉन कॅमेरॉन इथं आला. लोक ज्याच्यापुढं फोटो काढतात ते काचघर त्याच्याच काळातलं, १८८९ चं. पण आपल्या कामाची गोष्ट काचघरापेक्षा बेंगळुरूच्या मंडईत जास्त दिसते. तिथं पेरूसारखी दिसणारी, फिकट हिरवी चौ-चौ नावाची वेलभाजी ढिगानं असते. मूळची मेक्सिकोकडची. इकडं ती रुजवण्याचं श्रेय कॅमेरॉनला देतात. आमचा तालुका सीमेवरचा, त्यामुळं मला कानडी थोडीफार कळते. कानडीत तिला 'सीमे बदनेकाई' म्हणतात, म्हणजे विलायती वांगं. आपली विलायती चिंच त्यांच्याकडं 'सीमे हुणसे' असते, तसंच हे. तमिळ लोक तर तिला सरळ बेंगळुरूचं वांगं म्हणतात. पीक कुठनं पसरलं ते नावातच राहिलंय बघा.

कॅमेरॉननंतर १९०८ ला आला क्रुम्बिगल, जर्मन माणूस. त्याआधी हा सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात बागा सांभाळत होता, म्हणजे आपल्याशी जरा नातं लागतं. बेंगळुरूच्या रस्त्यांवर त्यानं झाडं अशी निवडली की एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा. शहरवाल्यांना ती शोभा वाटते. मला त्यात मधमाशी दिसली. आपल्या बांधावर हादगा, शेवगा, पळस, कडुनिंब, करंज, बोर एवढी जरी असली तरी दिवाळीच्या आगेमागे सुरू झालेला फुलोरा उन्हाळा धरून पुढं पावसाळ्यापर्यंत पुरतो. डाळिंबाच्या बहरात भाड्यानं मधपेट्या शोधत फिरणाऱ्यांनी यावर विचार करावा.

आणि द्राक्षवाल्यांसाठी एक खास गोष्ट. स्वातंत्र्यानंतर लालबागेचा कारभार मारीगौडा नावाच्या अधिकाऱ्याकडं आला. त्यांच्या पुढाकारानं १९५९ ला बेंगळुरूच्या द्राक्ष बागायतदारांची सहकारी संस्था उभी राहिली. तीच पुढं हॉपकॉम्स झाली. बेंगळुरूत जागोजागी फळं-भाजीचे हॉपकॉम्सचे स्टॉल दिसतात ते हिचेच, आणि तिचं मुख्य ऑफिस लालबागेतच आहे. १९६३ ला फलोत्पादनाचं वेगळं खातं झालं, तेही मारीगौडांच्याच काळात. बाग, मग रान, मग बाजार अशी ही साखळी एका बागेच्या आवारात जोडली गेली. काचघराकडं जाता-जाता त्या ऑफिसकडंही एक नजर टाका.

म्हैसूरच्या वृंदावनबद्दल थोडंच बोलतो. कावेरीवरचं धरण १९३२ ला पुरं झालं आणि त्याच्या पायथ्याला दिवाण मिर्झा इस्माईल यांनी ही बाग करवून घेतली. नमुना काश्मीरच्या शालिमारचा. पिकाच्या दृष्टीनं इथं फार शिकण्यासारखं नाही, पण उतार कसा टप्प्याटप्प्यानं बांधलाय आणि पाणी एका टप्प्यावरनं दुसऱ्यावर कसं उतरवलंय, ते दिवसाउजेडी बघा. रात्री रंगीत लाईटमध्ये ते दिसत नाही.

म्हैसूरहून उटीला जाताना बंदीपूरचं जंगल लागतं. रात्री ९ ते सकाळी ६ हा रस्ता बंद असतो, त्या हिशोबानं निघा. हरणं-हत्ती दिसले तर उत्तमच. पण झाडांखाली काय माजलंय तेही बघा. घाणेरी. आपली टणटणी हो. दोनशे वर्षांमागं फुलं छान म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती आणली आणि तिथनं देशभर पसरली. आता बंदीपुरात ती गवत उगवू देत नाही, मग चरणाऱ्या जनावरांनी खायचं काय? वर निलगिरीत निलगिरीचं झाड आणि वॅटल नावाची परदेशी बाभूळ यांनी डोंगरावरची मूळची गवताळ कुरणं गिळली. म्हणजे या बागांनी आणि त्या काळच्या साहेबांनी नुसतं चांगलंच आणलं असं समजू नका. नवीन झाड आणण्यात काय जोखीम असते तेही याच रस्त्यावर दिसतं.

उटीची सरकारी बाग १८४८ ला विल्यम मॅकआयव्हर या क्यूमधल्याच माणसानं आखली, ५५ एकराची. तिची सुरुवात मात्र भाजीपाल्यापासनं झाली. उटीतल्या गोऱ्यांनी महिना ३ रुपये वर्गणी काढून, स्वस्तात भाजी मिळावी म्हणून मळा केला होता. मग १८६० नंतर याच मॅकआयव्हरनं निलगिरीत सिंकोना लावला. हिवतापावरचं क्विनीन ज्याच्या सालीतनं निघतं ते दक्षिण अमेरिकेतलं झाड. साल काढली की झाड मरायचं. यानं काय केलं, सालीच्या पट्ट्या काढायच्या आणि उघड्या खोडावर शेवाळ बांधायचं. त्याखाली साल परत यायची. राज्य इंग्रजांचं, फायदा त्यांचा, हे खरंच. पण माणूस झाडापुढं बसून निरीक्षण करत होता, हेही खरं.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. उटीहून खाली मेट्टुपाळयमकडं उतरताना एकाच घाटात चार बागा लागतात. उटी साधारण २,२०० मीटरवर. कुन्नूरचं सिम्स पार्क १८७४ चं, १,८०० मीटरच्या आसपास. त्याखाली बर्लियार, १८७१ पासनं सरकारी फळबाग. आणि अगदी पायथ्याला कल्लार, १९०० ची, साधारण ४०० मीटरवर. एकाच डोंगराच्या चार पायऱ्या आणि चार हवा. कुठलं झाड कुठल्या पायरीवर फळतं ते कागदावर वाचायची गरजच नाही, गाडीच्या खिडकीतनं दिसतं. कल्लारची बाग हत्तींच्या वाटेवर येते, त्यामुळं तिथं चौकशी करूनच जा. आणि निलगिरीत स्वतःची गाडी न्यायची असेल तर सध्या ई-पास काढावा लागतो.

बर्लियार-कल्लारला मँगोस्टीनची जुनी झाडं आहेत. जायफळ, लवंगही आहे. मँगोस्टीनला बियापासनं फळ धरायला सात ते दहा वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. सावली पाहिजे, दमट हवा पाहिजे, वर्षभर ओल पाहिजे. शंभर वर्षांवर झाली, ते झाड त्या घाटात फळतंय. पण तिथनं खाली कोरड्या मैदानात त्याच्या बागा झालेल्या दिसतात का? नाही. शंभर वर्षांच्या प्लॉटनं दिलेला हा निकाल आहे.

आणि आमच्याकडं काय चाललंय? व्हिडिओ बघून, घरपोच मिळतात म्हणून, लोक मँगोस्टीनची रोपं मागवतायत. आमच्या शेजारच्या गावातल्या एका तरुण पोरानं चाळीस लावली. जमीन चुनखडीची, मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, पाणी टँकरचं. दुसऱ्या उन्हाळ्याला तीन उरली. विकणाऱ्याचा फोन आता लागत नाही. त्या पोराला मी नावं ठेवत नाही. डाळिंबावर तेल्यानं आणि मररोगानं माणूस बेजार झालाय, काहीतरी नवीन शोधणारच. पण त्याला बघायला, विचारायला जवळपास एकही मोठं झाड नव्हतं. ॲव्होकॅडो, लिची, सफरचंद, सगळ्यांच्या बाबतीत आपल्याकडं हेच होतंय. पहिला ट्रायल प्लॉट थेट शेतकऱ्याचं रान, आणि ट्रायलचा खर्च शेतकऱ्याच्या कर्जात.

कुणी म्हणेल, हे राजेरजवाड्यांचं आणि साहेबांचं काम, आपलं काय. मग आपल्या डाळिंबाचंच घ्या. 'गणेश' वाण आला कुठनं? पुण्याच्या गणेशखिंड बागेतनं. डॉ. चीमा यांनी आळंदीच्या डाळिंबाच्या रोपांतनं १९३६ च्या सुमारास तो निवडला. त्याचं आधीचं नाव जीबीजी-१, म्हणजे गणेशखिंड बोटॅनिकल गार्डन, नंबर एक. आज आपण लावतो त्या भगव्याच्या वंशावळीत हा गणेश आहे. सरदार पेरू, म्हणजे एल-४९, तोही चीमांनी गणेशखिंडलाच निवडलेला. महाराष्ट्रातल्या कोरडवाहू तालुक्यांचं नशीब एका बागेच्या कोपऱ्यातनं बदललं, आणि आपल्यातल्या कितीजणांनी ती बाग बघितलीय?

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत.

पहिली, या जुन्या बागा सांभाळणाऱ्यांकडं. झाडावर शास्त्रीय नावाची पाटी असते, चांगलंच आहे. त्याखाली दोन ओळी वाढवा. कुठनं आलं, इथं कधी लागलं, इथनं कुठल्या भागात गेलं आणि कुठं चाललं नाही. शेतकऱ्याला त्या दोन ओळी फुलांच्या घड्याळापेक्षा मोलाच्या आहेत.

दुसरी, आपल्या सरकारकडं. तालुक्या-तालुक्यात सरकारी रोपवाटिका आणि बीजगुणन केंद्रं आहेत. त्यातल्या कितीतरी ठिकाणी जागा पडून आहे. तिथं त्या-त्या तालुक्याच्या मातीत, त्याच पाण्यावर, नव्या फळांची दहा-दहा झाडं लावा. मेली तर 'मेलं' अशी पाटी लावा. ती पाटीसुद्धा आम्हाला हवीय, तीच आमचे पैसे वाचवणार आहे. आणि अनुदानाच्या यादीत नवीन पीक घालायच्या आधी त्या प्लॉटचा निकाल बघा.

यंदा जाणार असाल तर एवढं करा. फुलाचा फोटो काढलात की खोडाचाही काढा. मोबाईलवर त्या जागेची उंची बघून टिपून ठेवा. माळ्याशी बोला. झाड किती वर्षांचं, फळ कितव्या वर्षी धरलं, उन्हाळ्यात पाणी किती दिवसांनी देता, एवढं विचारलं की माळी खुलतो. भाषा येत नसली तरी बोटं आणि बाटली दाखवून काम होतं, मी करून आलोय. फ्लॉवर शोच्या गर्दीत मात्र हे जमणार नाही, ते दिवस टाळा.

आणि एक काम इथंच करू. तुमच्या गावात एखादं वेगळं फळझाड दहा वर्षांहून जास्त काळ जगून फळ देत असेल, तर कॉमेंटमध्ये तालुका, जमीन कसली, पाणी कसलं आणि पहिलं फळ कितव्या वर्षी आलं ते लिहा. लावून मेलेलं असेल तर तेही लिहा. मी सगळं एका जागी तालुकावार मांडून पुढच्या महिन्यात टाकतो. रोपं मागवायला फोन उचलण्याआधी कुणालातरी ते बघता येईल.